एमएमयू चालू केला आणि बोर्ड गप्प झाला : हरवलेल्या पत्त्याचा माग कसा काढायचा

एम्बेडेड प्रोसेसरवर काम करणाऱ्यांना एक शांतता चांगली ओळखीची असते. बोर्डाला वीज दिली, सिरियल पोर्टवर ओळी उमटू लागल्या, 'मेमरी ठीक', 'पेज टेबल तयार', 'एमएमयू चालू करत आहे'... आणि पुढे काहीच नाही. एररचा संदेश नाही, रीसेट नाही. बोर्ड नुसता गप्प.

ही शांतता इतकी गाढ का असते, ते आधी समजून घेऊ. इतर बग सापडावेत म्हणून आपण जागोजागी छापण्याच्या ओळी टाकतो. पण छापणारं फंक्शन स्वतः मेमरीत असतं, त्याचा स्टॅक मेमरीत असतो, आणि सिरियल पोर्टची रजिस्टरंही मेमरीच्याच पत्त्यांवर बसवलेली असतात. पत्ते बदलून देणारं यंत्रच बिघडलं तर तक्रार सांगायला जाणारी वाटही त्या यंत्रातूनच जाते. त्यामुळे इथे अंदाजाने काड्या घालून चालत नाही, पद्धत लागते. ती पद्धत हा आजचा धडा. सी भाषेची आणि हेक्स अंकांची तोंडओळख असेल तर तो पुरता समजेल. आकडे सोपे राहावेत म्हणून उदाहरणांतले हेक्स पत्ते मुद्दाम असे निवडलेत की त्यांत ० ते ९ एवढेच अंक येतील.

आभासी पत्ता म्हणजे काय?

हजला आलेल्या यात्रेकरूंचं उदाहरण घेऊ. आखातात राहणाऱ्या वाचकांना ते डोळ्यांसमोरचं आहे, आणि कोकणातल्या कितीतरी घरांनाही. भारताच्या हज कमिटीचं मुख्य कार्यालय मुंबईत, हज हाउसमध्ये आहे. कमिटीमार्फत जाणाऱ्यांच्या प्रत्येक अर्जाला एक कव्हर नंबर मिळतो. एका कव्हरमध्ये बहुधा एका घरातली दोन-चार माणसं असतात. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत हा नंबर तोच राहतो. माणसं मात्र जागा बदलत राहतात. मक्केत त्यांचा मुक्काम एखाद्या इमारतीतल्या खोलीत असतो. जिल्हेज महिन्याच्या ८ तारखेला ती मिनाच्या तंबूनगरीत जातात, ९ तारखेला अरफातच्या मैदानात, ती रात्र मुझदलिफात आणि मग पुन्हा मिनात.

आता कोणी विचारलं, 'या कव्हरची माणसं आत्ता कुठे आहेत?' तर नुसत्या नंबरवरून उत्तर मिळणार नाही. नोंदवही उघडावी लागेल. शिवाय कोणत्या टप्प्याची नोंदवही, हेही माहीत असावं लागेल. मक्केच्या वहीत त्याच नंबरापुढे इमारत आणि खोली लिहिलेली असेल, मिनाच्या वहीत शिबिर आणि तंबू.

संगणकात नेमकं हेच घडतं. प्रोग्राम जो पत्ता उच्चारतो तो कव्हर नंबर, म्हणजे आभासी पत्ता. मेमरीच्या चिपवरची खरी जागा म्हणजे भौतिक पत्ता. मधली नोंदवही म्हणजे पेज टेबल. कोणत्या टप्प्याची वही उघडायची ते सांगतो संदर्भ क्रमांक, म्हणजे काँटेक्स्ट. ही सगळी शोधाशोध करणारं हार्डवेअर म्हणजे एमएमयू, मेमरी मॅनेजमेंट युनिट.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक वेळी वही उघडणं वेळखाऊ असतं. म्हणून वाट दाखवणारा स्वयंसेवक नुकत्याच विचारलेल्या वीस-तीस कव्हरांचे पत्ते खिशातल्या चिठ्ठीवर टिपून ठेवतो. एमएमयूच्या खिशातल्या या चिठ्ठीला टीएलबी म्हणतात. चिठ्ठीमुळे काम झटपट होतं. पण यात्रेकरू मिनाला गेले आणि चिठ्ठी मक्केचीच राहिली, तर हाच स्वयंसेवक पूर्ण खात्रीने रिकाम्या खोलीकडे बोट दाखवेल. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पवईचा अजित आणि स्पार्कची शिडी

शिकायला एक ठोस प्रोसेसर-कुळ हवं. आपण आपल्या घरचंच घेऊ. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर बनवला. २०१९ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तो तयार झाला, आणि त्याचा वेग ७० ते १२० मेगाहर्ट्झ सांगितला गेला. मोबाइलमधल्या प्रोसेसरपुढे हा वेग कमी वाटेल, पण मीटर, रिसीव्हर, नियंत्रक अशा उपकरणांना तो पुरतो. भारताच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीच्या रिसीव्हरमध्ये अजित वापरण्याचा विचार तेव्हाच मांडला गेला होता.

अजित हा स्पार्क व्ही८ या सूचनासंचावर चालतो आणि त्यात एमएमयू आहे. स्पार्क व्ही८ खुलं आहे. युरोपीय अंतराळ संस्थेत सुरू झालेले लिऑन प्रोसेसरही याच कुळातले. या कुळाच्या मॅन्युअलातल्या परिशिष्ट एच मध्ये एमएमयूचा संदर्भ-आराखडा दिलेला आहे. पुढचं सगळं त्या आराखड्याला धरून आहे. हातातल्या चिपची टीएलबी किती नोंदींची, कॅश कोणत्या प्रकारची, हे मात्र त्या-त्या चिपच्या मॅन्युअलात पाहायचं.

या आराखड्यात ३२ बिटांच्या आभासी पत्त्याचे चार तुकडे पडतात : ८, ६, ६ आणि १२ बिट.

- पहिले ८ बिट पहिल्या पातळीच्या टेबलातली ओळ सांगतात. तिथे २५६ नोंदी असतात आणि एकेक नोंद १६ एमबी व्यापते.
- पुढचे ६ बिट दुसऱ्या पातळीसाठी. ६४ नोंदी, एकेक २५६ केबीची.
- त्यापुढचे ६ बिट तिसऱ्या पातळीसाठी. ६४ नोंदी, एकेक ४ केबीची. हे ४ केबी म्हणजे एक पेज.
- शेवटचे १२ बिट पेजच्या आतली जागा. ते बदलत नाहीत, जसेच्या तसे पुढे जातात.

या तिन्ही पातळ्यांच्या आधी एक काँटेक्स्ट टेबल असतं, म्हणजे 'कोणती वही?' याचं उत्तर. एकूण शिडी चार पायऱ्यांची झाली.

प्रत्येक नोंद ४ बाइटची. तिचे शेवटचे दोन बिट तिचा प्रकार सांगतात. ० म्हणजे नोंद अवैध. १ म्हणजे 'पुढच्या टेबलाकडे जा'. २ म्हणजे 'हेच अंतिम उत्तर'. ३ राखीव, म्हणजे ते दिसलं तर काहीतरी बिघडलं आहे. अंतिम उत्तर वरच्या पातळीवरही मिळू शकतं. पहिल्या पातळीच्या नोंदीतच प्रकार २ लिहिला, तर सलग १६ एमबी एका फटक्यात जोडले जातात. डीबगिंगमध्ये ही सोय फार उपयोगी पडते.

कागद-पेन्सिलीने एक पत्ता शोधू

आभासी पत्ता घेऊ हेक्स ४०१२४४५६. त्याचे तुकडे दशमान अंकांत असे : पहिली पातळी ६४, दुसरी ४, तिसरी ३६, आणि आतली जागा हेक्स ४५६.

आता मेमरी वाचायची. डीबगरमधून वाचताना तो भौतिक पत्ता वाचतो आहे की स्वतःच रूपांतर करून आभासी पत्ता वाचतो आहे, याची आधी खात्री करा. आपल्याला एमएमयूला बगल देऊन थेट भौतिक वाचन हवंय.

१. काँटेक्स्ट टेबलाचा पत्ता सांगणाऱ्या रजिस्टरात सापडलं हेक्स ८०००. या आराखड्यात पत्ते चार बिट उजवीकडे सरकवून ठेवतात, कारण भौतिक पत्ता ३२ नव्हे, ३६ बिटांचा असू शकतो. हेक्समध्ये चार बिट म्हणजे बरोबर एक घर. म्हणून खरा पत्ता झाला हेक्स ८००००. काँटेक्स्ट क्रमांक १ आहे, म्हणून वाचायची जागा ८०००४.

२. तिथे मिळालं ८१०१. शेवटचा १ म्हणजे 'पुढे जा'. तो काढून एक शून्य वाढवा : ८१०००. हे पहिल्या पातळीचं टेबल. ६४ वी नोंद, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २५६, हेक्समध्ये १००. वाचायची जागा ८११००.

३. तिथे मिळालं ८२०१. म्हणजे दुसरी पातळी ८२००० वर. चौथी नोंद ८२०१० वर.

४. तिथे मिळालं ८२४१. म्हणजे तिसरी पातळी ८२४०० वर. ३६ वी नोंद, म्हणजे १४४ बाइट पुढे, हेक्स ९०. वाचायची जागा ८२४९०.

५. तिथे मिळालं ३४५८६. शेवटचे दोन अंक, ८६, म्हणजे गुणधर्म : कॅश चालेल, वाचन-लेखन चालेल, आणि प्रकार २, म्हणजे अंतिम उत्तर. उरलेला ३४५ हा पेजचा क्रमांक. त्याला आतली जागा ४५६ जोडली की भौतिक पत्ता मिळाला : हेक्स ३४५४५६.

हे सगळं एकदा हाताने करा, दुसऱ्यांदाही करा. नंतर हवं तर त्याची छोटी स्क्रिप्ट लिहा. पण ज्याने एकदाही हाताने शिडी चढलेली नाही, त्याला स्क्रिप्टचं उत्तर बरोबर की चूक हे ओळखता येत नाही.

तीन साक्षीदार

आता धड्याचा गाभा. कोणत्याही एका आभासी पत्त्याबद्दल तुम्हाला तीन साक्षीदार विचारता येतात.

पहिला साक्षीदार तुमचा हेतू. हा पत्ता कुठे जायला हवा होता? लिंकर स्क्रिप्ट, बोर्डाचा मेमरी नकाशा आणि तुमचा आराखडा हे सांगतात. हे उत्तर कागदावर लिहा, मनात ठेवू नका.

दुसरा साक्षीदार मेमरीत लिहिलेलं पेज टेबल. वर केली तशी पायपीट करून त्याची साक्ष काढायची.

तिसरा साक्षीदार हार्डवेअर. स्पार्कमध्ये एमएमयूला थेट विचारायची सोय आहे, तिला प्रोब म्हणतात. एका खास वाचन-सूचनेने आभासी पत्ता दिला की एमएमयू स्वतःला मिळालेली नोंद परत देतो. नोंद नसेल तर शून्य.

आता या तीन साक्षी शेजारी-शेजारी ठेवा.

हेतू आणि टेबल जुळत नसतील तर टेबल बांधणाऱ्या कोडमध्ये चूक आहे. हार्डवेअरच्या वाटेला जायचं कारणच नाही.

हेतू आणि टेबल जुळतात, पण हार्डवेअर वेगळं सांगतं? मग टेबल आणि हार्डवेअर यांच्यामध्ये काहीतरी अडलं आहे. चिठ्ठी शिळी आहे, वही चुकीची उघडली आहे, किंवा लिहिलेलं अजून मेमरीपर्यंत पोचलेलंच नाही.

तिन्ही जुळतात आणि तरी काम बिघडतंय? मग पत्त्याचं रूपांतर निर्दोष आहे. बग दुसरीकडे आहे : पेजच्या गुणधर्मांत, बसवर, नाहीतर खुद्द उपकरणात. हा निष्कर्षही मोलाचा आहे, कारण त्याने दिवसच्या दिवस वाचतात.

मिनात कोणी वाट चुकलं तरी शहाणा माणूस याच क्रमाने जातो. हातातल्या पट्ट्यावर काय लिहिलंय, कार्यालयाच्या वहीत काय आहे, आणि वाट दाखवणाऱ्याने कुठे पाठवलं? तिन्ही विचारल्याशिवाय गर्दीत धावत सुटण्यात अर्थ नसतो.

फॉल्ट रजिस्टर : अर्जावरचा शेरा

रूपांतर अडलं की एमएमयू दोन गोष्टी नोंदवून ठेवतो : कोणत्या आभासी पत्त्यावर अडलं, आणि का अडलं. स्पार्कच्या आराखड्यात ही फॉल्ट ॲड्रेस आणि फॉल्ट स्टेटस रजिस्टरं. आधी पत्ता वाचा, मग स्टेटस. कारण स्टेटस वाचलं की ते पुसलं जातं. म्हणून ते एकदाच वाचून कुठेतरी साठवायचं आणि मग त्यावर विचार करायचा. डीबगरच्या खिडकीत ते रजिस्टर सतत 'पाहत' ठेवलं तर पुरावा खिडकीच खाऊन टाकते.

समजा स्टेटस मिळालं हेक्स ३८६. बिटांत लिहिलं तर ११ १०० ००१ १ ०. डावीकडून वाचू.

- ११ म्हणजे ३ : अडचण तिसऱ्या पातळीच्या नोंदीवर आली.
- १०० म्हणजे ४ : युजर प्रोग्राम डेटा लिहायला गेला होता.
- ००१ म्हणजे १ : नोंद अवैध.
- पुढचा १ : फॉल्ट ॲड्रेस रजिस्टरातला पत्ता ग्राह्य आहे.
- शेवटचा ० : आधीचा फॉल्ट यावर गिरवला गेलेला नाही.

एका आकड्यात केवढी माहिती! काँटेक्स्ट, पहिली आणि दुसरी पातळी या तिन्ही पायऱ्या ठीक आहेत. फक्त त्या एका ४ केबीच्या पेजची नोंद भरलेली नाही. तीनशे ओळींचं कोड तपासायची गरज उरली नाही.

कारणाच्या जागी २ आलं तर नोंद आहे पण परवानगी नाही, जसं केवळ वाचनासाठी असलेल्या पेजवर लिहायला जाणं. ३ म्हणजे युजर प्रोग्राम केवळ कर्नलसाठी असलेल्या पेजवर गेला. ४ म्हणजे टेबल वाचतानाच गोंधळ झाला : नोंदीत राखीव प्रकार सापडला, किंवा टेबलाच्या जागी मेमरीच नव्हती. ५ म्हणजे रूपांतर झालं, पण मिळालेल्या भौतिक पत्त्यावर बसने नकार दिला.

पण मग सुरुवातीचा बोर्ड शेरा न देता गप्प का झाला? स्पार्कमध्ये फॉल्ट आला की प्रोसेसर ट्रॅप-हँडलरकडे उडी मारतो आणि त्या क्षणी पुढचे ट्रॅप बंद असतात. ट्रॅप टेबलाचं पेजच जोडलेलं नसेल, किंवा हँडलर ज्या स्टॅकवर लिहायला जातो त्याची नोंद नसेल, तर फॉल्टच्या आत दुसरा फॉल्ट होतो. मग प्रोसेसर 'एरर मोड'मध्ये जाऊन थांबतो. स्पार्कची रजिस्टर-विंडो भरली की जुनी रजिस्टरं स्टॅकवर उतरवली जातात, तेही असंच ट्रॅपमध्ये. म्हणजे स्टॅकच्या एका न जोडलेल्या पेजमुळे साधं फंक्शन बोलावतानाही बोर्ड थिजतो. अशा वेळी बाहेरून डीबगर जोडला तर फॉल्टची रजिस्टरं बहुतेकदा शाबूत सापडतात. म्हणून रीसेटचं बटण दाबण्याआधी ती वाचून घ्या.

नेहमीचे गुन्हेगार

एमएमयू चालू करण्याच्या टप्प्यावर बहुतेक वेळा पुढच्यांपैकीच एखादा सापडतो.

*पायाखालचा रस्ता.* एमएमयू चालू करणारी सूचना भौतिक पत्त्यावरून चालली. तिच्या पुढची सूचना आता आभासी पत्त्यावरून मागवली जाणार. म्हणून कोडचा तो भाग 'जसा आभासी तसाच भौतिक' असाही जोडलेला असावा लागतो. हे विसरलं तर पुढच्याच पावलाला जमीन नसते.

*सरकवायचं राहिलं.* आपल्या उदाहरणात पेजचा भौतिक पत्ता ३४५०००, म्हणून नोंद हवी ३४५८६. कोडमध्ये चार बिट सरकवायचे राहिले तर नोंद होते ३४५०८६. दिसायला दोन्ही सारख्याच. पण आता पेज क्रमांक ३४५० झाला आणि भौतिक पत्ता ३४५०४५६, म्हणजे पेज सोळापट दूर गेलं. पायपीट करताना एखादं शून्य नको तिथे दिसलं तर आधी हाच संशय घ्या.

*अर्धवट रांगेतलं टेबल.* पहिल्या पातळीचं टेबल १,०२४ बाइटच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचं २५६ बाइटच्या सीमेवर सुरू व्हायला हवं. कंपायलरला तसं बजावून सांगितलं नाही तर तो टेबल कुठेही ठेवतो आणि हार्डवेअर भलत्याच नोंदी वाचतं. हा बग फसवा असतो. मध्येच एखादं नवं व्हेरिएबल घातलं की टेबल सरकतं, आणि बग नाहीसा होतो किंवा नव्याने उगवतो.

*शिळी चिठ्ठी.* टेबलातली नोंद बदलली, पण टीएलबी साफ केला नाही. ओळखायची युक्ती सोपी : प्रत्येक बदलानंतर संपूर्ण टीएलबी साफ करून पाहा. लक्षण गेलं तर कुठेतरी साफसफाई राहिली आहे. मात्र हा सरसकट झाडू हाच उपाय म्हणून ठेवू नका. राहिलेली नेमकी जागा शोधा, नाहीतर वेगाचा बळी जातो आणि खरा दोष लपून राहतो.

*कॅशमध्ये अडकलेली नोंद.* काही प्रोसेसरांत लिहिलेलं आधी कॅशमध्येच राहतं आणि एमएमयू टेबल वाचतो थेट मेमरीतून. तुमच्या कोडला नवी नोंद दिसते, एमएमयूला जुनी. इथे डीबगरही कॅशमधून वाचत असेल तर दुसरा साक्षीदार खोटी साक्ष देतो. म्हणून तो कुठून वाचतो हे मॅन्युअलात तपासा.

*उपकरणाला कॅश.* सिरियल पोर्टच्या रजिस्टरांचं पेज कॅश चालेल असं जोडलं, तर 'पाठवायला मोकळा आहेस का?' हा प्रश्न पोर्टपर्यंत पोचतच नाही. कॅशमधलं पहिलंच उत्तर पुन्हा-पुन्हा मिळतं. ते 'नाही' असेल तर प्रोग्राम तिथेच फिरत राहतो. तिन्ही साक्षी जुळतात आणि तरी बोर्ड गप्प, त्याचं हे नमुनेदार उदाहरण.

या सगळ्यांना टाळायचा मार्ग म्हणजे टप्प्याटप्प्याने जाणं. आधी पहिल्या पातळीवर १६ एमबीच्या मोठ्या नोंदी वापरून 'आभासी तोच भौतिक' एवढंच जोडा. बोर्ड बोलला की त्यातला एक १६ एमबीचा तुकडा दुसऱ्या पातळीत फोडा, मग त्यातला एक तिसऱ्या पातळीत. ज्या टप्प्याला बोर्ड गप्प होईल, त्याच टप्प्यात दोष आहे.

फॉल्ट न येणं हा सर्वांत मोठा धोका

आतापर्यंत आपण गप्प बसणाऱ्या बोर्डाबद्दल बोललो. त्याहून वाईट असतो तो बोलत राहणारा बोर्ड.

सरकवायचं राहिलेलं उदाहरण पुन्हा पाहा. ३४५०४५६ या पत्त्यावर मेमरी नसती तर बसने नकार दिला असता आणि आपल्याला कळलं असतं. पण बोर्डावर ६४ एमबी मेमरी असेल तर तो पत्ता खुशाल अस्तित्वात आहे. लिहिलेलं तिथे उमटेल आणि वाचलेलं तिथूनच परत येईल. चाचणी उत्तीर्ण! फक्त त्या जागेवर आधीपासून दुसऱ्या कोणाचं काहीतरी होतं, आणि ते पुसलं गेलं. दिशादर्शनाच्या रिसीव्हरमध्ये ते उपग्रहांच्या कक्षांचं कोष्टक असू शकतं. मग यंत्र बंद पडणार नाही. ते चुकीची जागा दाखवेल, तीही खात्रीने. कारण नसलेल्या ठिकाणी, म्हणजे जिथे पुसलं गेलं तिथे, माणसं कित्येक दिवस बग शोधत बसतात.

म्हणून लिहून लगेच वाचून पाहण्याची चाचणी पुरेशी नाही. त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक : एमएमयू चालू करण्यापूर्वी प्रत्येक भौतिक पेजच्या सुरुवातीला त्याचाच पत्ता लिहून ठेवा. वापरात असलेली पेज, म्हणजे कोड, टेबलं आणि स्टॅक, अर्थातच वगळून. चालू केल्यावर आभासी पत्त्यावरून वाचा आणि हेतूच्या यादीशी ताडा. प्रत्येक पेज स्वतःचं नाव सांगतं. दोन : टेबलातल्या सगळ्या नोंदी चाळून एकच भौतिक पेज दोघांना दिलेलं नाही ना, ते पाहा. जिथे मुद्दाम वाटून दिलंय ते सोडून बाकी प्रत्येक जोडी संशयास्पद. हे काम संगणकाने एकदा केलं तर काही क्षणांचं असतं.

आणि जे पेज कोणाचंच नाही त्याची नोंद अवैधच ठेवा. विशेषतः शून्य पत्त्याचं पेज. 'राहू दे जोडलेलं, काय बिघडतं' असं म्हणून सगळीच मेमरी सर्वांना खुली केली, तर एमएमयूचं राखणदाराचं काम आपणच काढून घेतो.

दुसऱ्या प्रोसेसरांवर

नावं बदलतात, शिडी तीच राहते. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह कुळातले. सीडॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, वेगावरचं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्रातलं. रिस्क-फाइव्हच्या ३९ बिटांच्या पद्धतीत तीन पातळ्या असतात, प्रत्येकी ९ बिटांच्या, आणि पेज ४ केबीचंच. तिथे पत्ता दोन बिट सरकवून नोंदीत ठेवतात. त्यामुळे सरकवायचं विसरलं तर चूक सोळापटीची नव्हे, चौपटीची. फॉल्टचं कारण एका रजिस्टरात मिळतं : १२ म्हणजे सूचना मागवताना, १३ वाचताना, १५ लिहिताना. आर्मच्या कॉर्टेक्स-ए मालिकेतही फॉल्टचं कारण आणि पत्ता अशी दोन रजिस्टरं आहेतच. लहान कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांत मात्र एमएमयू नसतो. तिथे फार तर राखण करणारा एमपीयू असतो. तो पत्ता बदलत नाही, फक्त अडवतो.

गृहपाठ

हातात बोर्ड नसला तरी क्यूईएमयू या सिम्युलेटरवर स्पार्क चालवून सराव करता येतो. तोवर कागदावर हे दोन प्रश्न सोडवा.

पहिला : आभासी पत्ता हेक्स ४०२०००१०. स्पार्कच्या शिडीत त्याचे चार तुकडे कोणते?

दुसरा : फॉल्ट स्टेटस मिळालं हेक्स २३२. काय झालं असावं, आणि आधी काय तपासाल?

उत्तरं अशी. पहिल्यात पहिली पातळी ६४, दुसरी ८, तिसरी ०, आतली जागा हेक्स १०. दुसऱ्यात बिट होतात १० ००१ १०० १ ०. म्हणजे दुसरी पातळी, कर्नल डेटा वाचत होता, कारण ४ : टेबल वाचतानाच गोंधळ. एकतर दुसऱ्या पातळीच्या त्या नोंदीत कचरा आहे, किंवा पहिल्या पातळीने आपल्याला टेबल नसलेल्या ठिकाणी पाठवलं. म्हणून आधी पहिल्या पातळीची नोंद पाहायची. तिथे ८२०१ च्या जागी ८२००१ सापडलं, तर गुन्हेगार कोण ते आता तुम्हाला सांगायला नको.